सीडीची वरची बाजू

के. आर. पुरम
११ ऑगस्ट २०२५

रघुजीअण्णा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. मी आहे, फक्त बोलत नाही. मार्चमध्ये घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव किंवा आवाज. मी घाईघाईत जीव म्हटलं.

फोन करता येत नाही. मोबाईलवर लिहायला बसलं की तो माझे शब्द खोडून स्वतःचे घालतो. म्हणून पत्र. शिवाय तुम्हाला मराठी लिहायला मीच शिकवलं आहे, ते फुकट का घालवा? रविवारच्या वर्गात तुम्ही चाळिशीचे गृहस्थ, दहा वर्षांच्या मुलांमागे शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून बसायचात. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं तुमचं घराणं, घरात मराठी बोलायचं आणि लिहायचं कन्नडमध्ये. "बाई, मला माझ्या आईच्या भाषेत सही करायची आहे," म्हणाला होतात.

आता काम सांगते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मला दिलंय. दाढीच्या मशीनसारखं घुंघुं करतं. शलाकाची गौरी चार वर्षांची आहे. मे महिन्यात ते ऐकून पलंगाखाली गेली. तेव्हापासून मला मशीनआजी म्हणते. शलाकाने शोधून काढलंय की माझा जुना आवाज अर्धा तास जरी स्वच्छ मिळाला, तरी हल्लीचे फोन मी लिहीन ते माझ्याच आवाजात बोलून दाखवतात.

आणि माझा आवाज आहे! श्रीकांत दर रविवारी वर्गात मागे बसून माझी वाचनं रेकॉर्ड करायचे, आठवतं ना? २००३ ते २००६. ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर होतं. तो २०१२ मध्ये भंगारात दिला, कारण "सगळं सीड्यांवर उतरवलंय, शंभर वर्षं हलत नाही." एकतीस सीड्या आणि नंतरची एक डीव्हीडी. लोखंडी कपाटात, नंबर घालून. आता कुठल्याच लॅपटॉपला त्या घालायची जागा नाही. शेजारच्या मुलाने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, त्यात पहिली सीडी घरघरली आणि बाहेर आली.

दिवाळीला गौरी येणार आहे. तोवर होईल का?

प्रतिमा

*

बसवनगुडी
२५ ऑगस्ट २०२५

प्रतिमाक्का,

रघुजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. परवा तुमच्याकडे येऊन सीड्यांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा बोलायचं ते नीट बोललो नाही. मी बोलतोय आणि तुम्ही पाटीवर लिहिताय, हे मला जड गेलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "तुम्हाला काय, एकटंच बोलायला मिळालं."

डबा माझ्या टेबलावर आहे. काम मी स्वतः करतोय, दुकानातल्या कुणाला हात लावू देत नाही. श्रीकांतसाहेबांचं देणं आहे माझ्यावर. पैशाचं नव्हे. मी फूटपाथवर रेडिओ उघडून बसायचो, तेव्हा कारखान्याच्या बसला वेळ असला की साहेब उभे राहायचे. एक दिवस म्हणाले, "कानाने दोष शोधतोस ते ठीक, पण मीटर धरायला शीक. कान म्हातारा होतो." त्यांनीच शिकवलं. आज तीन मजले दुकान आहे, पण कान अजून म्हातारा नाही बरं का! तुमचा बाल्कनीचा पडदा ओढलेला होता, तरी मागे वाऱ्यावर काहीतरी टकटक वाजत होतं. खिडकीचा स्क्रू ढिला असेल तर माणूस पाठवतो.

आता कामाचं. तीन जुने ड्राइव्ह काढले, त्यांना जुळणारा एक जुना कॉम्प्युटर गोदामातून आणला. मऊ कापडाने सीडी मध्यापासून कडेकडे पुसली. गोल गोल पुसायची नसते. वेग अगदी कमी ठेवला. एक नंबरची सीडी चालीस मिनिटं फिरली, तिच्यातलं पाव उतरलं आणि थांबली. दोनचं तेच. तीन तर ओळखच देईना. हे आवाज मला कळतात अक्का. चाक गाडं शोधतं आणि गाडंच नसतं, तसं.

एक विचारू? प्रत्येक सीडीच्या वरच्या बाजूला, नंबर लिहिलाय तिथे, तांबडे डाग आहेत. मार्करचे वाटत नाहीत. काय आहे ते?

घाबरू नका. स्वल्प वेळ लागेल.

तुमचा,
रघुजी

*

के. आर. पुरम
३१ ऑगस्ट २०२५

रघुजीअण्णा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "चालीस" नव्हे, चाळीस. बाकी एकही चूक नाही.

स्क्रूबिक्रू काही ढिला नाही. ते कबुतरांसाठी टांगलंय, आणि कबुतरं त्याला केव्हाच भ्यायची थांबली.

डाग कसले म्हणून काय विचारता! कुंकू आहे ते. तुम्ही दुकानात आयुधपूजा करता ना? आमच्याकडे खंडेनवमीला श्रीकांतची हत्यारं पुजली जायची. पाने, पकडी, तो तुमच्याकडून घेतलेला मीटर. त्यांच्या कारखान्यात लेथलासुद्धा कुंकू लागायचं. मग ज्यात माझा आवाज ठेवलाय त्यांनी काय घोडं मारलंय? २००६ पासून दर वर्षी मी त्या सीड्या पाटावर मांडायचे. कुंकू वाटीत ओलं कालवून प्रत्येकीवर अनामिकेने छोटं स्वस्तिक. पुढच्या वर्षी जुनं वाळून घट्ट झालेलं असायचं, ते सुरीच्या टोकाने हळूच खरवडायचं आणि नवं लावायचं. पाच-सहा वर्षं नेमाने केलं.

आणि मी अडाणी नाही हं. चकचकीत बाजूला, जिथून ते वाचतं, तिथे बोटही लागू दिलं नाही कधी. सगळं वरच्या बाजूला. श्रीकांतना त्याचंच फार कौतुक होतं.

गौरीने फोनवर विचारलं, "मशीनआजी गेली का?" मी तिला टाळी वाजवून दाखवली. टाळी वाजवली म्हणजे हो, असं आमचं ठरलंय. तिला मी हो म्हटलंय अण्णा.

प्रतिमा

*

बसवनगुडी
१३ सप्टेंबर २०२५

प्रतिमाक्का,

उत्तराला उशीर झाला. लिहायचं काय, हे ठरत नव्हतं.

एकतीसपैकी एकही सीडी पूर्ण उतरत नाही. नऊ अर्ध्यामुर्ध्या, बाकीच्या तेवढ्याही नाहीत. अंधारात बल्बासमोर धरली की दिसतं. टाचणीने टोचून ठेवल्यासारखी भोकं, त्यातून उजेड येतो. तिथली चांदी उडाली, म्हणजे तिथलं लिहिलेलं गेलं.

अर्ध्या उतरल्या त्यांचं तरी काही होईल म्हणून आठ दिवस बसलो. पण साहेबांनी ज्या प्रोग्रामने बॅकअप घेतला, त्याने सगळं दाबून एकच मोठं गाठोडं केलं आणि ते एकतीस तुकड्यांत कापलं. कुठलं वाचन कुठल्या सीडीवर आहे, त्याची यादी शेवटच्या सीडीवर. ती सीडी सगळ्यात जास्त गेली आहे. प्रोग्राम सारखा म्हणतो, एकतीस नंबर घाला. मी घालतो. तो परत म्हणतो, एकतीस नंबर घाला. काल मी त्याला मराठीत शिवी दिली, माफ करा.

दोन कंपन्यांना विचारलं, ज्या बिघडलेल्या डिस्कांतून माल काढून देतात. एक म्हणाली, चांदीच नाही तर काय वाचायचं. दुसरीने फोटो मागवले आणि मग फोन उचलला नाही.

कशामुळे झालं म्हणाल, तर वय. बंगळूरची दमट हवा. आणि त्या काळात साहेबांनी सीड्यांचा गठ्ठा घेतला तो माल हलका असावा. त्यांचा दोष नाही, सगळेच तसले घ्यायचे.

डीव्हीडी राहिली आहे. तिच्यावर आशा ठेवू नका. तिच्यात साहेबांनी २००९ मध्ये फक्त मागच्या वेळेनंतर बदललेलं तेवढंच घातलंय, आणि वर्ग तर त्याआधीच बंद झाला होता.

तुमचा,
रघुजी

*

के. आर. पुरम
२० सप्टेंबर २०२५

रघुजीअण्णा,

हलका माल. बरं झालं, खरं सांगितलंत.

चौतीस वर्षं मी त्या माणसाचं ऐकलं. पंखा पुण्याहून आणू नकोस, इथला घे. कॉम्प्युटर दे, सीड्या आहेत. सीड्या शंभर वर्षं हलत नाहीत. दर गोष्टीचा मोठा अभ्यास. आणि माझा आवाज ठेवायची वेळ आली तेव्हा चिकपेटच्या गल्लीतून गठ्ठ्यावर गठ्ठा! मला त्या दिवशीचं आठवतंय हो, मी विचारलं होतं, चांगल्या आहेत ना? तर म्हणाले, "तू वाच, बाकीचं माझ्यावर सोड." सोडलं.

शलाकाला कळवलं. ती म्हणाली, आई, दुसऱ्या कुणाचा तरी चांगला आवाज घालू. यादी पाठवली तिने. त्यात मराठी बायका तीन आहेत. तिघी बँकेतून बोलल्यासारख्या बोलतात. तीन नंबरची पसंत केली.

उद्या सर्वपित्री. गेली दोन वर्षं मी श्रीकांतचं पान ठेवते, खीर आणि आळूच्या वड्या. उद्या ठेवणार नाही. स्वयंपाकाच्या बाईला सुट्टी दिली आहे. त्यांच्या फोटोसमोरची समईसुद्धा आत ठेवली. तुम्ही मला नावं ठेवाल, पण रागावायला निदान घरात माणूस लागतं, आणि ओरडायला गळा. दोन्ही नाही. मग हेच करता येतं.

डबा परत पाठवू नका. भंगारात घाला.

प्रतिमा

*

बसवनगुडी
४ ऑक्टोबर २०२५

प्रतिमाक्का,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हे पाचवं.

माझ्या मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी होती. साहेबांनी घेतलेला माल हलका नव्हता. त्या काळातल्या सगळ्यात महाग सीड्या आहेत त्या, काठावरच कंपनीचं नाव आहे. तुमचं ३१ ऑगस्टचं पत्र वाचलं तेव्हाच मला खरं कारण कळलं होतं. तुम्हाला लागू नये म्हणून मी एक कारण रचलं. त्याने तुम्हाला लागलं नाही, साहेबांना लागलं. ज्यांनी मला मीटर धरायला शिकवलं, त्यांचं पान माझ्या खोट्यामुळे राहिलं. तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा सर्वपित्री होऊन दोन दिवस झाले होते. नाहीतर बस पकडून आलो असतो.

खरं असं आहे. सीडीची चकचकीत बाजू जाड प्लास्टिकची असते. तिला ओरखडे चालतात. लिहिलेली चांदी असते ती वरच्या, नंबर लिहायच्या बाजूला, वार्निशाच्या एका पापुद्र्याखाली. आपण सगळे जपतो ती बाजू दणकट, आणि बिनधास्त हात लावतो ती नाजूक. ओलं कुंकू पापुद्र्यात मुरलं. सुरीने खरवडलं तेव्हा त्याच्याबरोबर चांदी निघाली. भोकं सगळी स्वस्तिकाच्या आकारात आहेत, अक्का. बल्बासमोर धरली की एकतीस स्वस्तिकं दिसतात, उजेडाची.

तुमची चूक म्हणत नाही. हे मलाही धंद्यात वीस वर्षं झाल्यावर कळलं. परवा खंडेनवमीला माझ्याच दुकानात पवित्रा नावाची हिशेबाची मुलगी नव्या प्रिंटरला ओलं कुंकू लावत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "अण्णा, वरच्या बाजूलाच लावतेय." मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग आत आलो आणि डीव्हीडी घातली. तिला मी हात लावला नव्हता, धीर होत नव्हता. डीव्हीडीची चांदी दोन प्लास्टिकांच्या मध्ये असते, तिला कुंकवाने काही होत नाही. ती सरळ चालली. लाईटबिलं, पेन्शनचे अर्ज, शलाकाच्या कॉलेजची कागदपत्रं. आणि "चाचणी" नावाची एक आवाजाची फाईल, खंडेनवमी २००९ ची. साहेब बहुतेक माइक तपासत होते. एकोणीस सेकंद आहे. पेन ड्राइव्ह सोबत ठेवलाय. तुम्ही ऐकायच्या आधी त्यात काय आहे ते सांगतो, म्हणजे एकदम अंगावर येणार नाही.

तुम्ही: "फार ओलं नाहीये हो. आणि वरच्या बाजूला लावतेय, चकचकीतला बोटसुद्धा लावलं नाही."

साहेब: "लाव, लाव. माझी दुसरी प्रत ऑफिसात आहे."

तुम्ही: "तिला कोण कुंकू लावणार?"

मग साहेब हसतात. ताम्हन ठेवल्याचा आवाज. संपलं.

ही फाईल दाबून ठेवावी असं दोन दिवस मनात होतं. पण तुमचा आवाज एवढाच उरलाय, तो मी कोण ठेवून घेणारा. मी पन्नास वेळा ऐकली. तुमचा आवाज अगदी वर्गातला आहे, "बोटसुद्धा"वर थोडा वर जाणारा.

आणि अक्का, दुसरी प्रत! साहेबांसारखा माणूस एकावर थांबणार नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं. एकतीस सीड्या, कुंकू न लावलेल्या, ऑफिसच्या थंड कपाटात. निवृत्तीच्या वेळी त्यांनी त्या कुठे ठेवल्या? कुणाकडे दिल्या? कारखान्यात माझे ओळखीचे अजून आहेत, गेटवर जाऊन बसेन. दिवाळीला पंधरा दिवस आहेत. फक्त सांगा कुठे शोधू.

तुमचा अपराधी,
रघुजी

*

के. आर. पुरम
१२ ऑक्टोबर २०२५

रघुजीअण्णा,

गेटवर जाऊन बसू नका. दुसरी प्रत घरातच आहे.

२०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ऑफिसचं सामान एका खोक्यात आलं. त्यात त्या होत्या. त्या उन्हाळ्यात कबुतरांनी माझ्या कुरडया दोनदा नासवल्या आणि मी श्रीकांतच्या डोक्याशी कटकट लावली होती. कुणीतरी सांगितलं, चकचकीत सीड्या टांगा, कबुतरं येत नाहीत. श्रीकांतनी दोन्ही डबे टेबलावर ठेवले. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसातल्या जास्त स्वच्छ आहेत, त्या ठेवा ना कपाटात. तर म्हणाले, "नको. तू पुजलेल्या आहेत त्या राहू देत. माझ्या टांगू." आणि दोऱ्यात ओवून, गाठी मारून, स्वतः स्टुलावर चढून टांगल्या.

ते इंजिनिअर होते अण्णा. आयुष्यात एकदा अभ्यासापेक्षा माझ्या कुंकवाला जास्त मानलं, ते हे.

तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं ते हेच. तुमचा कान म्हातारा झालेला नाही.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पडदा सारला. अठ्ठावीस आहेत, तीन कधी गळून पडल्या कुणास ठाऊक. एक कापून आत आणली आणि तुम्ही सांगितलं तशी बल्बासमोर धरायला गेले. बल्बाची गरजच नव्हती. तेरा वर्षांच्या ऊनपावसात चांदी कधीच निघून गेली. नुसतं प्लास्टिक. त्यातून समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालताना स्वच्छ दिसली. मग सगळ्या एकेक करून बघितल्या. शेवटची बघेपर्यंत मी मोजत होते.

एकोणीस सेकंद ऐकली. शलाकाला पाठवली. ती म्हणाली, आई, एवढ्यात काही होत नाही, फार कमी आहे. रडत होती. दिवाळीला तीन नंबरची बाईच बोलेल. गौरीला "बोटसुद्धा" ऐकवणार नाही. तिला काय कळणार, कोण कुणाला काय म्हणतंय ते.

तुमच्यावर रागावले होते, दोन दिवस. मग विचार केला, खरं आधी सांगितलं असतंत तर मी स्वतःवर रागावले असते, आणि मला तर रोज स्वतःबरोबर जेवायचं असतं. तुमच्यावर रागावणं सोपं गेलं. ते आता संपलं.

श्रीकांतवरचा राग मात्र काढून ठेवायला जागा उरली नाही. समई परत बाहेर आणली. पान राहिलं ते राहिलंच, तिथी उलटी फिरत नाही. पुढच्या वर्षी मी असले तर ठेवीन. ठेवलं असतं तरी कावळ्याआधी कबुतरांनीच खाल्लं असतं म्हणा, ती आता कशालाच भीत नाहीत.

कापलेली सीडी पुन्हा ओवून टांगली. गाठ त्यांच्यासारखी जमली नाही.

डबा भंगारात घालू नका. येताना घेऊन या, लोखंडी कपाटात त्याची जागा रिकामी दिसते.

प्रतिमा

ता. क. या वर्षी खंडेनवमीला मी कशालाच कुंकू लावलं नव्हतं. आज तुमच्या पेन ड्राइव्हला लावलं. टोपणावर. कोरडं.